‘ऑक्स-फर्ड’ आणि आमची फियाट

एकत्र कुटुंबांत वाद होण्यास विषय लागतच नाहीं असें म्हणतात. पण गेल्या चैत्रांत आमच्या वर्ध्याच्या घरीं जो वाद झाला त्याला चांगला चार चाकांचा भक्कम विषय होता.

आमचे थोरले बंधु तीन वर्षांपूर्वीं वारले. त्यांनीं १९८४ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी मोटार तेव्हांपासून पडवीशेजारच्या छपराखालीं उभी होती. नांव पद्मिनी खरें, पण घरांत तिला सर्वजण ‘फियाट’च म्हणतात. आमच्या वहिनींना महिन्यांतून एकदां गुडघ्यांसाठीं सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत न्यावयाचें, तेवढ्यापुरती ती बाहेर निघे. बंधूंचा नातू यंदां अभियांत्रिकीची परीक्षा देऊन घरीं आला आणि त्यानें गाडी हातीं घेतली. आठ दिवस तो तिच्याखालीं आडवा पडलेला दिसे. सर्वांस कौतुक वाटलें. नवव्या दिवशीं रात्रीच्या पंगतीला त्यानें आपला बेत सांगितला. गाडी चार बोटें खालीं बसवावयाची, बंपर काढून टाकावयाचे, चाकें रुंद घालावयाचीं, चाकांवरचे पत्रे बाहेर फुगवावयाचे आणि वरून काळा रंग द्यावयाचा.

वहिनी आमटी वाढीत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला. “यांची गाडी कापायची म्हणतोस?”

“कापायची नाहीं ग आजी, नटवायची!” नातू म्हणाला.

वहिनी कांहीं न बोलतां आंत गेल्या. झालें! तरुण मंडळी एका बाजूस, वडील मंडळी दुसऱ्या बाजूस, आणि निवाड्याचें काम आमच्याकडे! शाळेंत मुलांचे तंटे सोडवितांना आम्हीं एक नियम पाळीत होतों : ज्या गोष्टीची आपणांस माहिती नाहीं, तीवर आधीं माहिती मिळवावी आणि मग तोंड उघडावें. म्हणून दुसऱ्या दिवशीं नातवाबरोबर आम्हीही मिस्त्रीकडे गेलों.

ही फियाट आपल्या मध्यम वर्गाच्या घरोघरीं एके काळीं कशी मानानें राहिली, हें वाचकांस निराळें सांगावयास नको. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढें इटालियन फियाट कंपनीच्या सहकार्यानें तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत मोटारी होऊं लागल्या. १९६४ त ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. तीच थोड्याफार फरकानें १९७२ त ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ त ‘पद्मिनी’ झाली. यंत्र १,०८९ घनसेंटिमीटरचें. बेताचें, पण कष्टाळू. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत तिनें कित्येक वर्षें राज्य केलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही तेथून निवृत्त झाली. जें वाहन काटकसरीचें म्हणून घरांत आलें, तेंच आतां दुर्मिळ म्हणून हौसेचें झालें आहे. तरुणांचें तिच्यावर मन जडतें तें यामुळेंच.

मिस्त्रीनें आम्हांस जें समजाविलें तें थोडक्यांत असें. मोटारीचें अंग चाकांवर थेट टेकलेलें नसतें. मध्यें कमानी असतात. फियाटला पुढें पोलादी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आणि मागें एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या कमानी आहेत. गाडी खालीं बसवावयाची म्हणजे पुढच्या स्प्रिंगेचें एखादें वेटोळें कापावयाचें, आणि मागें पट्टे व आस यांच्यामध्यें ठोकळा घालावयाचा. यानें गाडीचा गुरुत्वमध्य खालीं येतो आणि वळणावर ती कमी कलते, हा खरा लाभ आहे. तो नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु वेटोळें कापलें कीं स्प्रिंग नुसती आंखूड होत नाहीं, ताठही होते. कारण पूर्वीचाच भार आतां कमी तारेला सोसावा लागतो. चाकाला वरखालीं होण्यास जागा उरत नाहीं. खड्डा आला कीं अंग रबरी अडसरावर आपटतें, मूळच्या उंचीच्या बेतानें केलेले धक्के शोषणारे दांडे लौकर निकामी होतात, चाकें कलून टायर एका बाजूनें झिजतात आणि धुराची नळी जमिनीला घांसते. हें नीट करावयाचें तर स्प्रिंगा आणि ते दांडे एकमेकांना जुळणारेच नवे घालावे लागतात. शिवाय फियाटला निराळा लोखंडी सांगाडा नाहीं. तिच्या अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. तेव्हां चाकांवरचे पत्रे मनास येईल तसे कापणें म्हणजे हाडाला हात घालणें होय.

मिस्त्री शिकलेला फारसा नव्हता, पण समजावून देण्याची त्याची हातोटी पाहून आमच्यांतला मास्तर खुश झाला. आपल्या पूर्वजांनीं वैदिक कर्मांत रथकाराला वर्षाऋतूंत अग्न्याधान करण्याचा खास अधिकार दिला होता, आणि मीमांसकांनीं त्यावर एक स्वतंत्र अधिकरण लिहिलें, याची आम्हांस त्या तेलकट दुकानांत आठवण झाली.

कायद्याचीही चौकशी केली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ च्या जानेवारींत हें स्पष्ट केलें आहे. रंग बदलला तरी त्याची नोंद करून घ्यावी लागते. मात्र अपंग व्यक्तीला वापरतां यावी म्हणून गाडींत योग्य तो बदल करण्यास कायदा वाट ठेवतो. हा अपवाद त्या वेळीं आम्ही नुसता ऐकून ठेविला.

नातू मात्र हिरमुसला नाहीं. नागपूरचा त्याचा एक मित्र अशीच खालीं बसविलेली जुनी मोटार घेऊन वर्ध्यास आला होता. नातू म्हणाला, “धाकटे आजोबा, बोलून कांहीं कळत नाहीं. उद्यां आजीची रुग्णालयाची पाळी आहे. तिला या गाडींतून नेऊं. एकदां बसली कीं तीच हो म्हणेल.”

प्रयोगाला नाहीं म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. आम्ही चौघे निघालों. गाडी दिसावयास देखणी होती हें कबूल केलें पाहिजे. रस्त्याला बिलगून चाललेली, मांजरासारखी. पण वेग कमी करावा म्हणून रस्त्यांवर जे उंचवटे घालतात, तेथें तिची परीक्षा सुरू झाली. शास्त्राप्रमाणें असा उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे ऐसपैस उताराचा असावा. प्रत्यक्षांत गल्लोगल्लीं लोक डांबराची वरवंट्यासारखी एक वळी टाकून मोकळे होतात. पहिल्या वळीवर गाडीचें पोट खरवडलें. दुसरीवर नातू आणि आम्ही खालीं उतरलों. तिसरीवर मित्रानें गाडी तिरपी घातली. वहिनी दोन्ही हातांनीं आसन घट्ट धरून बसल्या होत्या.

रुग्णालयाच्या दाराशीं खरी अडचण उभी राहिली. आसन इतकें खालीं कीं वहिनींचे गुडघे छातीशीं आलेले. पाय बाहेर टाकले, पण उठतां येईना. दोनदां प्रयत्न केला. भोंवतालीं लोक पाहूं लागले. शेवटीं नातवानें त्यांना दोन्ही काखांत हात घालून लहान मुलाप्रमाणें उचलून उभें केलें. ज्या बाईनें चाळीस वर्षें ताठ मानेनें वीस माणसांचें घर चालविलें, तिला चारचौघांत असें उचललें जाणें किती लागलें असेल! त्यांनीं पदर सारखा केला आणि एवढेंच म्हटलें, “राहूं दे रे. यापुढें मी रिक्षानें येत जाईन.”

नातवाचा चेहरा उतरला. आम्ही त्याला कांहीं बोललों नाहीं. वहिनींची पाळी येण्यास दोन तास होते. सूनबाई परस्पर रुग्णालयांत येऊन त्यांच्याजवळ बसल्या, आणि आम्ही त्याला घेऊन जवळच्या आश्रमांत गेलों. बापूकुटीसमोरच्या झाडाखालीं बसल्यावर त्याला एका मोटारीची गोष्ट सांगितली.

गांधीजी १९३४ सालीं वर्ध्यास आले आणि पुढें मगनवाडींत राहिले. १९३६ च्या एप्रिलअखेर ते येथें राहावयास आले. त्या वेळीं या गांवाचें नांव शेगांव. मीराबेन त्यांच्या आधीं येऊन राहिल्या होत्या. गांवची बरीचशी जमीन जमनालाल बजाज यांच्या मालकीची. बुलढाणा जिल्ह्यांत गजानन महाराजांचें शेगांव आहे, त्यामुळें टपालाची गल्लत होई. म्हणून १९४० सालीं याचें नांव सेवाग्राम झालें. वर्ध्याहून अंतर पांच मैल, म्हणजे सुमारें आठ किलोमीटर. पण नीट रस्ता नव्हता. आपल्या काळ्या मातींतून बैलगाड्यांची चाकोरी, तोच रस्ता. पावसाळ्यांत या मातीचा चिखल कसा होतो तें इकडच्या माणसास सांगावयास नको. आणि माणसें तर देशोदेशींचीं येत : पुढारी, परदेशी पाहुणे, वृद्ध, आजारी.

जमनालालजींच्या पदरीं फोर्ड कंपनीची एक जुनी मोटार होती. तिला बैल जुंपून ती या वाटेवर ने-आणीस वापरीत, आणि मंडळींनीं विनोदानें तिचें नांव ठेविलें ‘ऑक्स-फर्ड’! ऑक्स म्हणजे बैल, आणि फोर्ड तर होतीच. विनोदाची गंमत अशी कीं, इंग्लंडांतील ज्या नगराच्या विद्यापीठाचा एवढा लौकिक आहे, त्या ऑक्सफर्डच्या नांवाचा मूळ अर्थही ‘बैलांना नदी ओलांडण्याचा उतार’ असाच आहे. म्हणजे वर्ध्याच्या चिखलांत त्या नांवाला त्याचा जुना अर्थ परत मिळाला.

नातू हंसला, पण लगेच म्हणाला, “म्हणजे त्यांनीं तर गाडी आमच्याहून जास्त बिघडवली! आम्ही चार बोटें खालीं करतों. त्यांनीं यंत्राचेंच काम काढून घेतलें.”

शंका रास्त होती. म्हणून आम्हीं त्याला साध्या बैलगाडीचा हिशेब करावयास लाविलें. आपली बंडी दोन चाकांची. ओझें पुढें झालें तर जूं बैलांच्या मानेवर दाबतें. मागें झालें तर गाडी उलाळते आणि जूं गळ्याशीं उचललें जातें. चाकांना लोखंडी धाव, कमान नाहीं. त्यामुळें प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोंचतो. मोटारीस चार चाकें असल्यामुळें बसणाऱ्यांचा भार चाकेंच घेतात. बैलांच्या मानेवर ओझें न पडतां त्यांना केवळ ओढण्याचें काम राहतें. हवेचे टायर मऊ मातींत लोखंडी धावेइतके रुतत नाहींत. खालीं कमानी, वर बसावयास गादी आणि पाठीला टेका. यंत्राला जो रस्ता जमेना तो बैलांना जमत होता, आणि बैलगाडींत जें सुख नव्हतें तें मोटारींत होतें. दोहोंतलें चांगलें तेवढें घेतलें. आज आपल्याकडे टायरची बंडी जिकडे तिकडे दिसते; तिच्याखालीं जुन्या मोटारींचीं चाकें आणि आंसही पुष्कळदां असतात. आश्रमांत जो विनोद होता तो शेतकऱ्याच्या घरीं व्यवहार झाला आहे.

असाच प्रकार त्याच दशकांत जगाच्या दुसऱ्या टोंकाला घडला, पण हंसत नव्हे. १९२९ नंतरच्या मंदींत कॅनडांतील शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेना. त्यांनीं मोटारींतून यंत्र काढलें, पुढें दांडी बसविली आणि घोडे जुंपले. आर. बी. बेनेट हे १९३० ते १९३५ पर्यंत तेथील पंतप्रधान. लोकांनीं रागानें त्या वाहनाला ‘बेनेट बग्गी’ म्हटलें. अमेरिकेंत राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या नांवानें ‘हूव्हर वॅगन’ निघाली. कांहींनीं तर मोटारीचा मागचा भाग तेवढा कापून त्याला खेंचर जुंपलें. करणी एकच, पण तेथें ती लाचारीची खूण होती आणि येथें सोयीची.

आणि फोर्ड तरी मुळांत कोणासाठीं होती? हेन्री फोर्डनें १९०८ ते १९२७ पर्यंत आपली ‘मॉडेल टी’ ही एकच गाडी दीड कोटींवर विकली. आरंभीं सुमारें ८५० डॉलर असलेली किंमत पुढें ३०० डॉलरांच्याही खालीं आणली. ती मुद्दाम जमिनीपासून उंच ठेविलेली होती. कारण तिचा धनी खेड्यांतला शेतकरी, आणि त्याचे रस्ते चिखलाचे. जगांतील पहिली खरी स्वस्त मोटार उंच होती ती हौसेनें नव्हे, गिऱ्हाइकाचा रस्ता पाहून. मोटारी खालीं बसल्या त्या रस्ते सुधारल्यावर.

याच फोर्डला १९४१ च्या जुलैंत सेवाग्रामहून गांधीजींचें पत्र गेलें, आणि त्यांनीं स्वाक्षरी केलेला एक चरखा १९४२ च्या डिसेंबरांत मिशिगनमध्यें त्याच्या हातीं पडला. फोर्ड तेव्हां ७९ वर्षांचा होता. सेवाग्रामांत त्याच्या मोटारीला बैल ओढीत होते, आणि तिकडे त्याच्या घरीं सेवाग्रामचें चाक पोहोंचलें! गांधीजी यंत्राचे शत्रु होते असें सर्रास म्हणतात. पण १९२४ सालीं त्यांनीं सिंगरच्या शिवणयंत्राला उघड अपवाद केला होता. कां? तर बायकोला हातानें शिवण्याचे कष्ट पडतात हें पाहून सिंगरनें तें केलें, त्याच्या मुळाशीं माया होती, म्हणून.

“तर मग बाळ,” आम्हीं म्हटलें, “वाहन बदललें हा दोष नव्हे. तें कोणासाठीं बदललें हें विचारावें. ‘ऑक्स-फर्ड’ करणाऱ्यानें आंत बसणाऱ्याकडे पाहिलें. तुझ्या मित्रानें रस्त्यावरून पाहणाऱ्याकडे पाहिलें.”

नातू बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “पण आजोबा, गाडी सुंदर दिसावी असें वाटणें हें पापच का? माझ्या आजोबांची गाडी आहे ती. मला ती विकायची नाहीं. लोकांनीं थांबून तिच्याकडे पाहावें असें वाटतें.”

हा प्रश्न ऐकून आम्हीच क्षणभर निरुत्तर झालों. पोराचें त्या गाडीवर प्रेम होतें. तें वहिनींच्या प्रेमाहून निराळें होतें इतकेंच. घरांतल्या भांडणांत पुष्कळदां असेंच असतें. दोघेंही एकाच गोष्टीला जपत असतात आणि एकमेकांना वैरी समजतात. आम्हांला पोळा आठवला. त्या दिवशीं आपण बैलांचीं शिंगें रंगवितों, बाशिंग बांधतों, पाठीवर झूल घालतों. आमच्या विदर्भांत तर दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा. पोरें चाकें लाविलेले लांकडी बैल नटवून मिरवितात. म्हणजे वाहन नटविणें ही आपली परंपराच आहे. पण झूल घालतांना कोणी बैलाचे पाय आंखूड करीत नाहीं. जी सजावट वाहनाच्या चालीला आणि बसणाराच्या सुखाला आड येत नाहीं, ती खुशाल करावी. जी आड येते, ती कितीही देखणी असली तरी खोटी.

हें आम्हीं सांगितलें, पण निकाल दिला नाहीं. वहिनींना घेऊन रिक्षानें घरीं आलों. मित्र आपल्या गाडीनें परत गेला.

चार दिवसांनीं नातू आपण होऊन आमच्याकडे आला. हातांत कागद होता आणि त्यावर मापें. “आजोबा, गाडी मोजली. चाळीस वर्षांत मागच्या कमानी आणि पुढच्या स्प्रिंगा बसल्या आहेत. गाडी मुळापेक्षां दोन बोटें आधींच खालीं आहे. मी ती मूळच्या उंचीवर आणतों. आणि तुम्ही त्या कायद्याचा अपवाद सांगत होतां ना? आजीचे गुडघे कांहीं कागदोपत्रीं अपंग नाहींत. पण ज्या विचारानें तो अपवाद केला, तोच विचार मला घरांत करायचा आहे. नोंदणीपत्राला हात न लावतां जमेल एवढाच.”

पुढें महिनाभर काम चाललें. मागचे पट्टे नवे भरले, पुढें मूळ मापाच्या स्प्रिंगा बसविल्या. पुढच्या आसनाची दबलेली गादी काढून टणक आणि थोडी उंच गादी केली. म्हणजे बसतांना गुडघे फार वांकवावे लागत नाहींत आणि उठतांना शरीराला अर्धी उंची आधींच मिळालेली असते. दाराच्या वरच्या बाजूस आंतून एक मजबूत मूठ लाविली. ती किती उंचीवर असावी हें ठरविण्यासाठीं त्यानें वहिनींना तीनदां बसवून पाहिलें, तिसऱ्या वेळीं वहिनी स्वतःच म्हणाल्या, “थोडी पुढें घे रे, माझा हात तेथें जातो.” बेत कोणाचा हा प्रश्न त्या क्षणीं मिटला. रंग मूळचाच, फिका पिवळसर, घांसून चकचकीत केला. बंपर काढले नाहींत. उलट त्यांवर नवा मुलामा चढविला. चाकांच्या मधोमध मात्र त्यानें आपल्या हौसेनें एक बारीक तांबडें वर्तुळ काढलें. आम्हीं त्याकडे पाहून न पाहिल्यासारखें केलें.

पुढच्या महिन्यांत वहिनींची पाळी आली. गाडी दारांत उभी होती. नातू हात देण्यासाठीं पुढें झाला, तों वहिनींनीं त्याला डोळ्यांनींच थांबविलें. त्यांनीं मूठ धरली, बसल्या, पाय आंत घेतले आणि पदर नीट करून समोर पाहूं लागल्या. रुग्णालयाच्या दाराशींही त्या तशाच उतरल्या, कोणाचाही हात न धरतां. उतरून त्यांनीं गाडीभोंवतीं एक नजर फिरविली. ती तांबड्या वर्तुळावर थांबली.

“हें यांना आवडलें असतें,” त्या म्हणाल्या, आणि काठी टेकीत आंत गेल्या.